एका भाडेकरू जनुकाची चौकशी

ठाणे स्टेशनजवळच्या मेडिकलवाल्याने इंजेक्शनच्या दोन बाटल्या काउंटरवर ठेवल्या आणि विचारलं, "पेशंटचं नाव?"

संस्थेचं पत्र मी आधीच पुढे सरकवलं होतं, पण ते त्याने वाचलंच नव्हतं. "पेशंट बेडूक आहे," मी म्हटलं. मागे उभ्या असलेल्या काकू अर्धं पाऊल मागे सरकल्या.

एरवी ही खरेदी आमचा स्टोअर विभाग करतो. त्या आठवड्यात साठा संपला होता आणि बेडकांचं वेळापत्रक काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं. औषध म्हणजे एचसीजी. गरोदर बायकांच्या लघवीतून मिळणारं हे हार्मोन वंध्यत्वाच्या उपचारांत वापरतात, म्हणून ५ हजार युनिटची बाटली चांगल्या मेडिकलमध्ये सहज मिळते. आफ्रिकेतल्या झेनोपस जातीच्या बेडकीला ते टोचलं की ती अंडी घालते. १९३० च्या दशकात डॉक्टरांनी याचाच उलटा उपयोग केला: बाईची लघवी बेडकीला टोचायची, सकाळपर्यंत अंडी दिसली तर बाईला दिवस गेलेत. पुढे कितीतरी वर्षं गरोदरपणाची तपासणी अशीच व्हायची. दुकानदाराला हे मी थोडक्यात सांगितलं. त्याने पत्र नीट वाचलं, शिक्का बघितला, बिल केलं आणि सुटे पैसे देताना म्हणाला, "ताई, बेडकीण बरी आहे ना पण?"

बरी होती. मीच तेव्हा फारशी बरी नव्हते. का ते पुढे येईलच.

मी ज्या जनुकावर काम करते त्याचं नाव सांगत नाही. पेपर अजून छापून यायचाय, आणि नाव सांगूनही कुणाला काही उमगणार नाही. टीएमईएम आणि पुढे तीन आकडी नंबर. टीएमईएम याचा अर्थ इतकाच की यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या पडद्यातून आरपार गेलेलं असावं, असं त्याच्या अक्षरांच्या क्रमावरून दिसतं. म्हणजे दारावरच्या पाटीवर नावाऐवजी 'दाराशी बसलेला असतो' असं लिहावं तसं. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २० हजार. त्यातल्या पी५३ सारख्या मोजक्यांवर पेपरांचे डोंगर उभे राहिलेत, आणि बाकी कितीतरी जनुकांच्या वाट्याला चार ओळीही आलेल्या नाहीत. आमचं त्या चार ओळीवाल्यांतलं. कुठल्या गुणसूत्रावर राहतं ते माहीत, धंदा काय करतं ते माहीत नाही. लॅबमध्ये त्याचं नाव पडलं 'भाडेकरू'. ठाण्यात घर भाड्याने देताना भाडेकरूची माहिती पोलीस चौकीत द्यावी लागते. माझी पीएचडी म्हणजे तेवढंच काम, फक्त चार वर्षं चाललेलं.

हे जनुकच का? माझ्या मॅडमची एका जेनेटिक्सच्या डॉक्टरांशी ओळख आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या रिपोर्टांत एक शेरा वारंवार असतो: 'महत्त्व अनिश्चित'. मुलाच्या चेहऱ्याच्या हाडांत जन्मजात दोष, जनुकांची तपासणी केली, एका जागी एक अक्षर बदललेलं सापडलं. पण ते जनुक मुळात करतं काय हेच कुणी पाहिलेलं नाही, मग त्या अक्षराने बिघाड झाला की ते नुसतंच तिथे होतं, हे आईबापांना सांगणार कसं? अशाच एका यादीत आमचा भाडेकरू होता. मॅडम म्हणाल्या, बेडकात बघू.

बेडूक यासाठी की त्याचं सगळं उघड्यावर चालतं. अंडी शरीराबाहेर, एका वेळी शेकड्यांनी, प्रत्येक सव्वा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणारी. फलन झाल्यापासून तीन दिवसांत पोहणारा बेडूकमासा. आणि सगळ्यांत मोठी सोय अशी की एका पेशीच्या दोन होतात तेव्हा बहुतेक वेळा एक डाव्या अंगाची असते, दुसरी उजव्या. त्यातल्या एकीतच सुई टोचली तर त्या बाजूचं जनुक दबतं, दुसरी बाजू तशीच राहते. एकाच पिल्लाची डावी बाजू म्हणजे प्रयोग आणि उजवी बाजू म्हणजे ताळा. उंदराकडे मागून बघा असलं काही.

आमची लॅब नवी मुंबईत, घणसोलीला उतरून रिक्षाने दहा मिनिटं. बेडकांची खोली तळमजल्यावर. तिथलं पाणी १८ ते २० अंशांवर राखायला लागतं, त्यामुळे मे महिन्यात इमारतीतल्या सगळ्यांना अचानक बेडकांविषयी जिव्हाळा वाटू लागतो. अकाउंट्सचे लोकही 'जरा बघू या' म्हणून येतात आणि पंधरा मिनिटं हलत नाहीत. पाणी मोरबे धरणाचं, माणसांना उत्तमच, पण नळाचं थेट दिलं तर त्यातला क्लोरीन बेडकांना सोसत नाही. म्हणून आधी कार्बनच्या फिल्टरमधून काढायचं, मग टाकीत मुरू द्यायचं. पावसाळ्यात क्लोरीनची मात्रा वाढलेली असते, तेव्हा रोज पट्टी बुडवून तपासायचं.

हे सगळं बघतात ते मामा. घणसोली गावातले, आगरी. त्यांच्या जिभेवर 'ड'चा 'र' होतो, त्यामुळे बेडकीची 'बेरकी' होते. आणि खरोखर बेरकीच असतात त्या. झेनोपसला जीभ नसते, पुढच्या बोटांनी खाणं तोंडात कोंबते. मागच्या पायांच्या तीन बोटांना काळी नखं असतात. आणि अंगावर असा बुळबुळीतपणा की धरली असं वाटेपर्यंत ती बादलीत परत गेलेली असते. मामांनी मला धरायला शिकवलं: तळहात पाठीवर, मधलं बोट दोन मागच्या पायांच्या मधे, आणि श्वास सोडायचा. "तू घाबरली का ती समजते." कातडीखाली पाठीकडे सुई घालायची, हार्मोन सोडायचं, आणि तिला अंधाऱ्या टबात रात्रभर एकटी सोडायचं. एकदा अंडी दिलेल्या मादीला पुढचे तीन-चार महिने हात लावायचा नाही. मामांची वही आहे, त्यात प्रत्येकीचा नंबर आणि तारीख. त्या वहीपुढे मॅडमचंही चालत नाही.

नर मात्र मारावा लागतो. भूल जास्त देऊन. वृषण काढून थंड द्रावणात ठेवलं की साधारण आठवडाभर पुरतं, म्हणजे एका नरावर बरेच प्रयोग होतात. प्राणी नैतिकता समितीची परवानगी असते, हिशेब असतो, सगळं असतं. तरी त्या दिवशी मी डबा खात नाही. आईला हे कळल्यापासून ती त्या दिवशी डब्यात नुसता दहीभात देते. आधी कळतं कसं, हे मला अजून समजलेलं नाही.

आता त्या सकाळबद्दल. पहाटे ठाण्याच्या दहा नंबरवरून वाशी लोकल धरायची. ऐरोलीपर्यंत डबा जवळजवळ रिकामा, खाडीवर उजाडत असतं. लॅबमध्ये पोचून टबात डोकावलं की एका नजरेत कळतं दिवस कसा जाणार. तळाशी अंडी मोत्यांसारखी सुटी पडलेली असतील तर दिवस चांगला. पांढऱ्या दोऱ्यासारखी एकमेकांना चिकटून आलेली असतील तर अंडी शिळी. चहा प्यायचा आणि घरी जायचं. पुष्कळदा चहाच प्यायलाय.

चांगल्या दिवशी मादीला हातात धरून पोट हलकेच दाबायचं. अंडी काचेच्या बशीत पडतात: वरचा अर्धा भाग चॉकलेटी, खालचा पिवळट पांढरा, भोवती जेलीचं पारदर्शक आवरण. वृषणाचा तुकडा कुस्करून त्यांवर फिरवायचा, मिनिटभर थांबायचं, पाण्यासारखं पातळ द्रावण ओतायचं. मग पंधरा-वीस मिनिटं काहीही करायचं नाही. याच वेळात एक गोष्ट घडते आणि ती मी शेकडो वेळा पाहूनही कधी चुकवत नाही. बशीत अंडी वाटेल तशी पडलेली असतात, काही काळी बाजू वर, काही पांढरी. ज्यांचं फलन झालंय ती आपल्या आवरणात मोकळी होतात आणि हळूहळू गरगर फिरून काळी बाजू वर करतात. जड पिवळं खाली जातं. अर्ध्या तासाने बशी वरून बघितली तर सगळी काळी. कुणी हात लावलेला नसतो.

त्यानंतर घाई. जेली काढायला सिस्टीनचं द्रावण. त्याचा वास सडक्या अंड्याचा, ओढणीला दोन दिवस राहतो. परतीच्या लोकलमध्ये मला चौथी सीट न मागता मिळते. पाचेक मिनिटांत जेली विरघळते, आणि सुटी असलेली अंडी तव्यावरच्या मोहरीसारखी एकमेकांना खेटून बसतात. इथून पुढे त्यांना हवा लागू द्यायची नाही, लागली की फुटतात. फलनानंतर सुमारे दीड तासाने पहिली चीर पडते. मऊ कणकेच्या गोळ्यावर सुरीची पाठ टेकवावी तशी एक रेघ काळ्या टोकापासून निघते आणि दोन्ही बाजूंनी खाली उतरते. एकाच्या दोन. आता अर्धा तास हातात, कारण तेवढ्यात दोनच्या चार होतात. थंड केलं तर ही मुदत ताणता येते, म्हणून आम्ही एसी १६ वर लावतो आणि स्वेटर घालून बसतो. बाहेर घणसोलीत ३४ अंश.

टोचायचं काय, तर मॉर्फोलिनो. हा २५ अक्षरांचा कृत्रिम धागा आहे. जनुकाचा निरोप घेऊन जाणाऱ्या आरएनएच्या सुरुवातीला तो चिकटून बसतो आणि तो निरोप वाचलाच जात नाही. शेजाऱ्याच्या कुलपात आगपेटीची काडी मोडून ठेवावी, तसा प्रकार. पहिला मॉर्फोलिनो मी चुकीचा मागवला होता, हेही सांगून टाकते. झेनोपस लीव्हिस या आमच्या बेडकांच्या जातीत फार पूर्वी दोन जातींचा संकर होऊन गुणसूत्रांचे दोन संच एकत्र आलेत, ३६ गुणसूत्रं. तिच्याच जवळच्या ट्रॉपिकॅलिस जातीत २०. त्यामुळे पुष्कळ जनुकांच्या लीव्हिसमध्ये दोन आवृत्त्या असतात, एल आणि एस. २०१६ साली या बेडकाचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाल्यापासून दोन्ही बघायला मिळतात. मी एल बघितली आणि ऑर्डर दिली. एस मध्ये तीन अक्षरं वेगळी. एका दाराला कुलूप, दुसरं सताड उघडं. परदेशातून यायला लागलेले दोन महिने आणि पैसे, दोन्ही गेले. मॅडम फक्त "हं" म्हणाल्या. त्यांचा "हं" मला ओरडण्यापेक्षा लागतो.

दुसरा मॉर्फोलिनो दोन्ही आवृत्त्यांवर बसणारा होता. काचेची केसासारखी सुई तापवून ताणायची, तिचं टोक चिमट्याने किंचित मोडायचं, मागून दाबाने द्रव सोडायचा. पायाखाली पेडल, शिवणयंत्रासारखं. एका टोच्यात किती द्रव जातो हे तेलाच्या थेंबात मोजतात: सुईतून तेलात एक फुंकर सोडली की तिथे गोल थेंब लटकतो, त्याचा व्यास मायक्रोस्कोपच्या डोळ्यातल्या पट्टीवर वाचायचा. ०.२ मिलिमीटर व्यास म्हणजे साधारण ४ नॅनोलिटर. हा आकडा लक्षात ठेवा.

दोन-पेशींची वेळ इतकी तोकडी की एकट्याने सगळं जमत नाही. म्हणून मी एका टेबलावर भाडेकरूचा मॉर्फोलिनो टोचायची, आणि लॅबमधला ज्युनियर मुलगा शेजारच्या टेबलावर कंट्रोल, म्हणजे कशालाच न चिकटणारा, निरुपद्रवी धागा टोचायचा. द्रवात हिरवं चमकणारं रंगद्रव्य मिसळलेलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठली बाजू टोचली ते कळतं.

तिसऱ्या दिवशी मी बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि माझे हात गार पडले. ज्या बाजूला टोचलं होतं त्या बाजूचा डोळा नव्हता. दुसरीकडे वाटोळा काळाभोर डोळा, इकडे नुसता डाग. एक नाही, बशीतले बहुतेक असेच. शेजारी कंट्रोलची बशी, दोन्ही डोळे जागच्या जागी. मी ज्युनियरला हाक मारली, तो मॅडमना घेऊन आला, मामाही आले. "आंधलं झालं?" मामांनी विचारलं. त्यांच्याखेरीज कुणाला वाईट वाटलं नाही.

पुढचे चार महिने मी तेच पुन्हा पुन्हा केलं, आणि ते पुन्हा पुन्हा आलं. एका परिषदेला गोषवारा पाठवला. शीर्षकात 'डोळ्याच्या घडणीसाठी अत्यावश्यक' असे शब्द होते. घरी आजीला सांगितलं की मी डोळ्याचं जनुक शोधलंय. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तिने शेजारणीला फोन करून सांगितलं.

राहिला होता एक प्रयोग. मॉर्फोलिनोने दाबलं, तर त्याच वेळी जनुकाचा आरएनए बाहेरून घालायचा, मॉर्फोलिनो चिकटणार नाही असा किंचित बदललेला. बिघाड खरोखर त्या जनुकाच्या अभावाचा असेल तर डोळा परत यायला हवा. काढलेला फ्यूज परत बसवला की दिवा लागायला हवा, तसं. मी घातला. डोळा आला नाही. मात्रा वाढवली, कमी केली. नाही.

मी कारणं शोधत बसले: आरएनए तुटला असेल, उशिरा काम करत असेल. मॅडमनी माझी सगळी कारणं ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "उद्या तुम्ही दोघं खुर्च्या बदला."

एवढंच. मी ज्युनियरच्या टेबलावर बसून भाडेकरू टोचला, त्याने माझ्या टेबलावर कंट्रोल. तिसऱ्या दिवशी कंट्रोलच्या बशीत एकेका बाजूचे डोळे गायब होते. माझ्या बशीतल्या पिल्लांना दोन-दोन डोळे, आणि ती मजेत माझ्याकडे बघत होती.

दोष टेबलात होता. माझ्या मायक्रोस्कोपचं झूम ४ वर आहे असं धरून मी पट्टीचं वाचन करत होते, आणि ते होतं ३.२ वर. खुंटीवरचा आकडा घासून गेला होता आणि मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. त्यामुळे मी ज्याला ०.२ मिलिमीटरचा थेंब म्हणत होते तो खरा ०.२५ चा होता. ऐकायला पाच शतांश. पण थेंब गोल असतो, व्यास सव्वापट झाला की आकारमान जवळपास दुप्पट होतं: ४ च्या जागी ८ नॅनोलिटर. मी चार महिने पिल्लांना दुप्पट मात्रा देत होते, आणि दुप्पट मात्रेत कंट्रोलचा निरुपद्रवी धागासुद्धा डोळा घालवत होता. भाडेकरूचा त्यात काही हात नव्हता. मी त्याच्यावर दुसऱ्याच्या चोरीचा आळ घेतला होता.

कंट्रोल हवं हे आम्ही पहिल्या वर्षापासून ऐकतो. कंट्रोल होतंच की! पण ते दुसऱ्या हाताने, दुसऱ्या सुईने, दुसऱ्या टेबलावर झालेलं होतं. माझ्या मते या कामातली सगळ्यांत फसवी गोष्ट हीच: पिल्लाची उजवी बाजू तुमच्या डाव्या बाजूचा ताळा असते, पण तुमचा स्वतःचा ताळा कुणी ठेवत नाही. सुंदर, ठसठशीत, पहिल्याच दिवशी हाती आलेला बिघाड दिसला की हल्ली मी आधी खुंटी बघते.

गोषवारा मागे घेतला. आजीला सांगायला आठवडा लागला. ती म्हणाली, "मग शेजारीण विचारेल तेव्हा काय सांगू?" मेडिकलमध्ये काकू मागे सरकल्या तो दिवस याच आठवड्यातला.

नंतरच्या पावसाळ्याबद्दल थोडक्यात: जुलैत एका रात्री वीज गेली, जनरेटर लागायला वेळ झाला, इनक्युबेटर २९ अंशांवर गेला आणि सकाळी एकही भ्रूण धड नव्हता. २४-२५ च्या वर ही जात बिघडतेच. रेल्वेरुळांवर पाणी, परतायची सोय नाही, म्हणून मी लॅबमध्येच राहिले. रात्रभर बाहेरच्या डबक्यात आपली देशी बेडकं, पिवळेजर्द नर, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून नुसता गोंगाट करत होती. आत आमच्या आफ्रिकन मंडळींना गळ्याची पिशवीच नाही. नर पाण्याखाली टकटक करतो, तेवढीच त्याची वरात.

मग नव्याने सुरुवात केली. एकच टेबल, एकच सुई, आलटून पालटून टोचायचं, थेंब दर दहा पिल्लांनी पुन्हा मोजायचा. आणि मोजणी आंधळेपणाने: कुठल्या बशीत काय हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. बश्यांना नावं कोण देणार? लॅबमधले सगळेच मोजणीत, म्हणून मॅडमनी मामांना सांगितलं. मामांनी चिठ्ठ्या केल्या आणि बश्यांवर स्टेशनं लिहिली: ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. कुठलं स्टेशन म्हणजे काय हे त्यांच्या वहीत, आणि वही त्यांच्या कपाटात.

या वेळी ठसठशीत काही दिसेना. पिल्लं सगळी छान, डोळे दोन, पोहतायत. तीन महिने मला वाटत राहिलं की भाडेकरू नुसता झोपा काढतो. मग मॅडमनी सुचवलं की पोहणारी पिल्लं बघूच नकोस, त्याआधीची बघ, दुसऱ्या दिवशीची. भिंतीवर आमच्याकडे नियूकूप आणि फाबर यांचा १९५६ चा तक्ता आहे, बेडकाच्या वाढीच्या ६६ पायऱ्या. त्यातल्या विशीच्या पुढच्या पायऱ्यांवर न्यूरल क्रेस्टच्या पेशी प्रवासाला निघतात. मेंदू होणाऱ्या नळीच्या कडेला त्या जन्मतात आणि तिथे थांबत नाहीत. डोक्याच्या दोन्ही अंगांनी तीन ओळी करून खाली उतरतात आणि जबड्याची, कल्ल्यांची कूर्चा, म्हणजे मऊ हाडं, बनवतात. आपल्या चेहऱ्याच्या हाडांचा मोठा भागही याच पेशींचा. डॉक्टरांच्या त्या यादीतली मुलं आठवली तेव्हा मला स्वतःच्या कपाळावर मारून घ्यावंसं वाटलं. चेहऱ्याचे दोष असलेल्या यादीतून निघालेलं जनुक, आणि मी डोळ्यात काय शोधत होते?

या पेशी बघायच्या तर ट्विस्ट नावाच्या जनुकाचा आरएनए रंगवावा लागतो, कारण प्रवासात तो त्यांच्यात चालू असतो. पाच दिवसांचं काम: पिल्लं फॉर्मलिनसारख्या द्रावणात थिजवायची, छिद्रं पाडायची, खुणेचा धागा रात्रभर ६० अंशांवर, मग धुणं, धुणं आणि धुणं, मग अँटिबॉडी, पुन्हा धुणं. आई म्हणते की एवढे कपडे धुतले असते तर वॉशिंग मशीन विकावं लागलं असतं. शेवटी रंगाचं द्रावण घालायचं आणि बसायचं. तासाभराने पिल्लाच्या डोक्याच्या बाजूला जांभळट सावली, मग पेशींच्या त्या तीन ओळी तीन बोटांसारख्या स्पष्ट होतात.

'रबाळे' बशीत दोन्ही बाजूंना तीन लांब बोटं. 'ऐरोली' तशीच. 'घणसोली'त एका बाजूला तीन लांब बोटं, आणि दुसऱ्या बाजूला तीन आखूड. नाहीशी नव्हे. निघालेली, पण मागे पडलेली, जणू त्या बाजूची गाडी कळव्याला सिग्नलला उभी आहे. सगळ्यांत नव्हे, अर्ध्याहून थोड्या जास्त पिल्लांत. 'कोपरखैरणे'त हाच प्रकार, पण कमी.

मी आकडे लिहिले, सही केली, आणि मामांना वही आणायला सांगितलं. ते आधी हात पुसत बसले. ऐरोली: काहीच टोचलेलं नाही. रबाळे: कंट्रोल. घणसोली: भाडेकरू दाबलेला. कोपरखैरणे: भाडेकरू दाबून त्याचाच आरएनए परत घातलेला. मी वही दोनदा वाचली. मग खुंटी बघून आले. ४ वर होती.

एवढ्याने कुणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. मॉर्फोलिनोवर शंका घ्यायला भरपूर जागा असते. म्हणून क्रिस्पर या जनुकं कापायच्या कात्रीने तेच जनुक कापलं, एल आणि एस दोन्ही एकाच मार्गदर्शक आरएनएने. त्यात प्रत्येक पेशीत कापणी सारखी होत नाही, पिल्लू ठिगळांच्या गोधडीसारखं होतं, त्यामुळे परिणाम सौम्य येतो. पण आला तोच: आखूड बोटं. दोन वेगळ्या किल्ल्यांनी एकच दार उघडलं. पेशींना भाडेकरू चालायला लावतो, की कुठे जायचं ते सांगतो, की नुसतं चिकटलेलं सोडवतो, ते अजून हाती नाही.

पेपर पाठवला. परीक्षकांपैकी एकाने दीड ओळीत मान्य केलं, दुसऱ्याने दोन पानं लिहिली. दुसऱ्याचं म्हणणं: पेशी उशिरा निघाल्या हे ठीक, पण मागून येऊन पोचत असतील तर? पाच दिवसांचं पिल्लू होऊ द्या, कूर्चा निळी रंगवा आणि दोन्ही बाजूंची मापं दाखवा. शिवाय मात्रा कमी-जास्त करून दाखवा. मला राग आला, आणि रात्री लोकलमध्ये उभी असताना तो बरोबर आहे हेही कळलं.

काल संध्याकाळी सतरा नंबरच्या मादीला टोचलं. वहीप्रमाणे तिला चार महिने पूर्ण झालेत. मामा बश्यांवर पट्ट्या चिकटवत होते. या खेपेला अकरा बश्या, आणि ठाणे-वाशी मार्गाची स्टेशनं पुरेनात. त्यांनी पेन कानावर ठेवलं, थोडा विचार केला.

"चल, पनवेलपर्यंत जाऊ," म्हणाले, आणि पुढच्या बशीवर जुईनगर लिहिलं.